मार्लेश्वरच्या खोऱ्यातील सहल : एक अभिप्राय

रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखहून मारळमार्गे मार्लेश्वर या शंकराच्या गुहेतील देवस्थानाला नेणाऱ्या स्थानिक मार्गदर्शकांच्या एकदिवसीय सहलीचे खरे मोल पायऱ्यांच्या वाटेवर कळते. सह्याद्रीचे हे कडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे आहेत, हे सांगताना त्यांनी कातळातील बारीक छिद्रांवर बोट ठेवून, लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूची ती खूण असल्याचे दाखवले. धारेश्वर धबधबा पावसाळ्यात धडकी भरवतो. त्याच्या डोहाकडे उतरू देण्यास त्यांनी दिलेला ठाम नकार, आमच्यातील काही तरुण हिरमुसले तरी, योग्यच होता. गुहेत समयांच्या उजेडात दर्शन होते. जेवण मात्र बेताचे, सोलकढी तर अगदीच पाणचट. तरीही घेतलेले पैसे वाजवी वाटले.