चॅट्सवर्थचं ताम्रचित्र: पुनर्मुद्रण घ्यावं का?

चॅट्सवर्थ म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकचा इंग्लंडमधला वाडा. लेओनार्ड निफच्या रेखाटनांवरून योहानेस किपने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या, १७०७च्या ‘ब्रिटानिया इलस्ट्राटा’ या वाड्यांच्या चित्रसंग्रहातल्या ८० चित्रांपैकी हे एक. या पुनर्मुद्रणाचा कागद जाड, आम्लमुक्त, शाई काळीभोर. पण खालची पट्टी कापलीये, आणि ते खरंच खटकतं. वाड्याचं नाव आणि मालकाच्या पदव्या त्याच पट्टीत असतात. ती गेली की उरतो नुसता देखावा.

उंचावरून पाहिल्यासारखी मांडणी मुद्दाम केलेली आहे. झाडांच्या सरळ रांगा वाड्यापासून दूरवर धावतात, म्हणजे नजर पोचेल तिथवर जमीन ड्यूकची. माणसं मुंगीएवढी. ही आखीव बाग पुढे अठराव्या शतकातच बरीचशी मोडली गेली, त्यामुळे चित्राला दस्तऐवजाचंही मोल आहे.

कुणी ‘मूळ प्रत’ म्हणून विकत असेल तर दहापट भिंग लावा. रंगीत ठिपके दिसले की ते आधुनिक छपाईचं काम. मूळ प्रतीत रेघ बोटाला किंचित उठावदार लागते, भोवती तांब्याच्या पत्र्याचा दबलेला ठसा असतो, मधोमध बहुधा घडी. छपाई एकाच काळ्या शाईची. रंग असलाच तर हाताने भरलेला, बऱ्याचदा नंतरचा.

फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांच्यामध्ये अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, हवाच. कागद काचेला टेकला तर पावसाळ्यात चिकटतो.