गाणं लावायला फोन कशाला? घरातल्या नेटवर्क प्लेअरांची तुलना

नेटवर्क म्युझिक प्लेअरचं, म्हणजे घरातल्या वाय-फायवरून गाणी वाजवणाऱ्या डब्याचं, कुठलंही परीक्षण उघडा, डॅकची (डिजिटल गाण्याचा ऐकू येणारा आवाज करणाऱ्या भागाची) चिप कोणती आणि किती बिट, किती किलोहर्ट्झ यातच निम्मा मजकूर संपतो. आमच्या हॉलमध्ये पंखा तीनवर, खाली रिक्षा आणि शेजारी कुकरच्या शिट्ट्या. तिथे मला ह्या डब्यांच्या आवाजात काही फरक कळत नाही. आमच्या ह्यांना कळतो म्हणे, पण कुठला डबा वाजतोय ते न सांगता लावल्यावर त्यांनाही ओळखता आलं नाही. तेव्हा आवाजाचा विषय मी बाजूलाच ठेवला.

मला बघायचं होतं ते वेगळंच. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंना घरात कुणी नसताना गाणं लावता येतं का? मी फोन घेऊन भाजीला गेले तर गाणं चालू राहतं का? आणि वीज जाऊन आली की डबा आपला आपण जागेवर येतो का? पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी, इथे राहणाऱ्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

भाजीच्या परीक्षेत ब्लूटूथ पहिल्याच फेरीत बाद. फोन दाराबाहेर गेला की गाणं तुटतं, आणि घरात असला तर कुणाचा तरी कॉल थेट स्पीकरवर खणखणतो. डीएलएनएवाली ॲप्स (फोनवरून डब्याला गाणं पाठवायची एक जुनी पद्धत) वाय-फायवर चालतात म्हणून बरी वाटतात, पण त्यातल्या बऱ्याच ॲप्समध्ये पुढच्या गाण्यांची रांग फोनमध्येच असते. चालू गाणं पूर्ण होतं, पुढचं सांगायला फोन घरात नाही, मग शांतता. सासूबाईंना वाटतं बिघडलं. दुकानदाराला विचारायचा खरा प्रश्न हाच आहे, की रांग फोनमध्ये राहते की डब्यात? बहुतेक दुकानदार त्यावर वॅट सांगतात.

रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर व्हॉल्युमिओ हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर टाकलं की रांग त्या ‘पाय’मध्येच राहते, त्यामुळे फोन कुठेही जावो. स्वस्त पडतं, ब्राउझरमधून चालतं. नव्या पाय ५ ला हेडफोनचं भोक नाही, त्यामुळे वर डॅकचं कार्ड बसवावं लागतं (पाय ४ ला आहे, पण त्यातून येणारा आवाज मलासुद्धा खरखरीत वाटला, म्हणजे बघा). ह्यांनी त्याला चार बटणं सोल्डर करून दिली, त्या आनंदात दोन रविवार गेले. पण पाय बंद करायचा तो मेनूतून रीतसर. चालू असताना मेमरी कार्डावर लिहिणं सुरूच असतं, वीज अचानक गेली तर कार्ड बिघडू शकतं. त्याच पायवर व्हॉल्युमिओऐवजी पायकोअरप्लेअर हे दुसरं सॉफ्टवेअर टाकलं तर ही धास्ती जवळजवळ संपते, कारण ते सुरू होताना सगळं रॅममध्ये घेतं आणि मग कार्डाकडे फारसं बघतही नाही. गुरुवारसाठी तेच योग्य.

आता माझा लाडका. लॉजिटेकचा स्क्वीझबॉक्स रेडिओ, २००९ सालचं मॉडेल, दिरांनी अमेरिकेतून जुना आणलेला. छोटा रंगीत पडदा, फिरवायचा मोठा गोल खटका आणि सहा नंबरांची बटणं. सासूबाईंसाठी एकवर अभंग, दोनवर नाट्यगीतं, तीनवर शास्त्रीय, चारवर नातवाने भरलेलं काहीतरी, जे त्या कधीच दाबत नाहीत. सकाळी सहाचा गजरही त्याच्यावरच. कंपनीने ही सगळी मालिका २०१२ मध्ये बंद केली आणि २०२४ मध्ये तिची ऑनलाइन सेवाही गुंडाळली. तरी आमचा रेडिओ गातोय. कारण त्याला गाणी पुरवणारा सर्व्हर घरातच, त्या पायवर आहे. त्याचं पूर्वीचं नाव लॉजिटेक मीडिया सर्व्हर, आता लिरिअन. मुक्त सॉफ्टवेअर आहे, जगभरातले हौशी लोक ते सांभाळतात.

याउलट सगळं कंपनीच्या हातात असलं की काय होतं, तेही दिसलं आहे. सोनोस या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीने मे २०२४ मध्ये ॲप नव्याने लिहून आणलं, तेव्हा लोकांचे गजर आणि रांग बदलायची सोयच त्यातून गायब होती. पुढच्या जानेवारीत सीईओंना पद सोडावं लागलं. जुन्या स्पीकरला लावायचं गूगलचं छोटं यंत्र, क्रोमकास्ट ऑडिओ, किती सुटसुटीत होतं, पण २०१९ च्या सुरुवातीला उत्पादन थांबलं आणि मार्च २०२५ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून जगभरातली ती यंत्रं काही दिवस मुकी झाली. यंत्र धडधाकट, कागद संपला! सरकारी कचेरीची आठवण झाली.

नवीनच घ्यायचं असेल तर वीम कंपनीचा ‘प्रो’ हा प्लेअर घ्या. लाल-पांढऱ्या पिनांची वायर जुन्या ॲम्प्लिफायरला लावली की काम झालं. राउटर जवळ असेल तर इथरनेटची वायरही लावता येते, त्यांच्याच छोट्या ‘मिनी’ला ती सोय नाही. रिमोट वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो घ्याच, कारण त्यावर आकड्यांची बटणं आहेत. पहिल्यांदा जुळवणी करायला मात्र फोन लागतो. शिवाय प्रो लिरिअनलाही जोडता येतो, म्हणजे घरातलीच गाणी दोन्हीकडे. पडदा नाही, हे मला खटकतं. काय चाललंय ते वाचायला सासूबाईंना आवडतं.

आमच्यासारखं शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक तपासणी. मैफलीचं ध्वनिमुद्रण सीडीवर दोन-तीन ट्रॅकमध्ये कापलेलं असतं. ट्रॅक बदलताना प्लेअर क्षणभर थांबला तर तानपुरा तुटतो, आणि तुटलेला तानपुरा दुधातल्या मिठाच्या खड्यासारखा लागतो. लिरिअन आणि व्हॉल्युमिओ इथे पास. डीएलएनएवर प्लेअर आणि ॲप दोघांनाही ते जमत असेल तरच.

नावांचा घोळ मात्र कुठलाच प्लेअर सोडवत नाही. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि नुसते ‘भीमसेन जोशी’ हे यादीत तीन वेगळे गायक होतात. रागासाठी तर स्वतंत्र रकानाच नसतो. मी तो ‘जॉनर’मध्ये, म्हणजे गाण्याच्या प्रकाराच्या रकान्यात, लिहिते. हे काम संगणकावर बसून हातानेच करायचं. आमचं ‘म’पर्यंत आलंय.

जुना स्क्वीझबॉक्स रेडिओ मिळाला तर गोल खटका दोन्ही दिशांना फिरवून बघा, वय झालं की तो उड्या मारतो. मागच्या कप्प्यात बॅटरी असली तर उत्तमच. राउटरला छोटा यूपीएस लावा आणि पायला पॉवर बँक, म्हणजे वीज गेली तरी अभंग चालू.