उभे व्हिडिओ लॅपटॉपवर एडिट करायला दा विंची रिझॉल्व्ह (फ्री व्हर्जन)

आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं आणि घरातल्या सगळ्या पोरांनी शूटिंग केलं मोबाईल उभा धरून. साठेक क्लिप जमल्या. आता टीव्हीवर लावायला एक मोठा व्हिडिओ पाहिजे आणि फॅमिली ग्रुपवर टाकायला एक छोटा, तो उभाच. एवढ्या क्लिप मोबाईलच्या ॲपमध्ये सांभाळणं जमेना म्हणून लॅपटॉपवर दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, फुकटवालं.

सुरुवातीला टाइमलाइन (क्लिप एकापुढे एक लावायची पट्टी) १९२० बाय १०८० पिक्सेलची म्हणजे आडवी असते. त्यात उभी क्लिप टाकली की मधोमध जेमतेम ६०७ पिक्सेलची पट्टी आणि दोन्हीकडे काळं. उपाय सोपाय, खाली उजव्या कोपऱ्यात गिअर आहे तिथे प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये 'यूज व्हर्टिकल रिझोल्यूशन'ला टिक करा, झालं १०८० बाय १९२०. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नवी टाइमलाइन बनवताना 'यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज'ची टिक काढली की तिचं माप वेगळं देता येतं, म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये टीव्हीची आडवी आणि ग्रुपची उभी अशा दोन टाइमलाइन, क्लिप त्याच. सगळं दोनदा इम्पोर्ट करायची गरजच नाही.

आडव्यात बसवायला क्रॉपवालं, म्हणजे क्लिप मोठी करून वरखाली कापणारं स्केलिंग मात्र निवडू नका. मी एकदा करून बघितलं, उभ्या फ्रेमचा दोन तृतीयांश भाग जातो, आजीचा चेहरा राहिला आणि समोरचं ८१ दिव्यांचं ताट गेलं. अहो तेच तर बघायचंय सगळ्यांना! त्यापेक्षा तीच क्लिप खालच्या ट्रॅकवर (टाइमलाइनच्या खालच्या थरावर) आणखी एकदा ठेवून तिला झूम ३.२ करा आणि गॉशियन ब्लर म्हणजे धूसर करणारा इफेक्ट लावा, दोन्ही बाजू छान भरतात. फक्त औक्षणाच्या शॉटला मी ब्लर काढून टाकला कारण बाजूला धुरकट ज्योती हलत राहतात आणि नजर आजीवरून हटते, तिथे काळंच बरं दिसतं.

आवाजाचं एक सांगायलाच पाहिजे. आजीने उखाणा घेतला ती क्लिप जरा मोठी आहे, तिच्यात शेवटी शेवटी ओठ आणि आवाज जुळेचना. बरेच मोबाईल फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त करत रेकॉर्ड करतात, त्याने असं होतं. हँडब्रेक नावाचं फ्री सॉफ्टवेअर आहे, त्यात कॉन्स्टंट फ्रेमरेट (कायम एकच) निवडून कन्व्हर्ट केली आणि मग टाइमलाइनवर घेतली, आजोबांचं नाव अगदी बरोब्बर ओठांवर आलं. पहिली क्लिप टाकायच्या आधी टाइमलाइनचा फ्रेम रेटही ठरवून घ्या, नंतर त्या टाइमलाइनला तो बदलता येत नाही.

सॉफ्टवेअर जड आहे, १६ जीबी रॅम असेल तर उत्तम. माझा लॅपटॉप जुना, मी प्लेबॅक मेन्यूतून टाइमलाइनचं प्लेबॅक रिझोल्यूशन (काही व्हर्जनमध्ये नाव प्रॉक्सी रिझोल्यूशन) क्वार्टर करून, म्हणजे एडिट करताना चित्र कमी बारकाईचं दाखवून काम केलं, एक्स्पोर्टच्या क्वालिटीला काही धक्का लागत नाही.

फुकटच्यात वॉटरमार्क नाही आणि ४के पर्यंत एक्स्पोर्ट मिळतं. आडव्या व्हिडिओचा आपोआप उभा करणारं स्मार्ट रिफ्रेम फक्त पैसेवाल्या स्टुडिओमध्ये आहे, पण आपल्याकडे शूटिंगच उभं असेल तर ते लागतंय कशाला, दोन-चार आडव्या क्लिप होत्या त्या मी कीफ्रेम देऊन (कुठल्या क्षणी चित्र कुठे असावं ते ठरवून) हाताने सरकवल्या, प्रत्येकीला पाचेक मिनिटं गेली.