‘बारा बोर म्हणजे बाराच बोर’ म्हणत गळ्यात मारलेली काडतुसं

शेतीसंरक्षण परवान्यावरची आजोबांच्या वेळची विलायती दुनळी बंदूक घरात असेल, तर ही फसवणूक तुमच्याही वाट्याला येऊ शकते. गिऱ्हाईक मागतं, "बारा बोरची द्या, चार नंबर." (बोर म्हणजे नळीच्या जाडीचं माप, नंबर छर्ऱ्यांचा.) दुकानात अशा जुन्या बंदुकीला बहुधा लागणारी 65 मिमीची शिल्लक नसतात, 70 मिमीची पडून असतात. दुकानदार एक काडतूस नळीत सरकवतो, बंदूक मिटवतो. "बघा, बसतंय की. बारा बोर म्हणजे बाराच बोर." बिलावर लिहिलं जातं फक्त ‘12 बोर, 25 नग’.

ते बसतंच, आणि खरी गोम तिथेच आहे. काडतुसावर छापलेला 65 किंवा 70 हा आकडा बार झाल्यावर उघडलेल्या नळकांड्याची लांबी सांगतो. तोंडाच्या पाकळ्या दुमडलेल्या असताना 70 चं काडतूस 60 मिमीच्या आसपासच भरतं, म्हणून 65 च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या भागात, सहज जातं. चाप ओढला की पाकळ्या पुढे उलगडतात. पण चेंबर तिथे संपलेलं असतं आणि नळी निमुळती होत गेलेली असते. पाकळ्या त्या निमुळत्या भागात शिरतात, वाट अरुंद होते, दाब वाढतो. त्यातच 70 च्या काडतुसात छर्ऱ्यांचा भरणाही बऱ्याचदा जास्त असतो.

पहिला बार उडताच नळी फाटेल असं नाही, म्हणून विकणारा निभावून जातो. धक्का नेहमीपेक्षा जोरात बसतो, रिकाम्या नळकांड्याचं तोंड चिंध्या झाल्यासारखं फाटलेलं निघतं, बिजागरी हळूहळू खिळखिळी होते. मिटवलेली बंदूक उजेडाकडे धरल्यावर नळी आणि मागच्या तोंडामधून फट दिसली, तर ती बंदूक चालवू नका. नळीवर वेलबुट्टीसारखी दमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळीची) नक्षी असेल, तर धोका आणखी मोठा. तशा बऱ्याच नळ्या फक्त काळ्या दारूसाठी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूसाठी, तपासलेल्या असतात.

आपलं चेंबर किती, हे दुकानात जाण्याआधीच माहीत हवं. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या करा आणि मागच्या टोकाला खालच्या सपाट भागावरचे शिक्के वाचा. 1954 नंतर तपासलेल्या ब्रिटिश बंदुकीवर चेंबरची लांबी इंचात असते: अडीच इंच म्हणजे 65 मिमी, पावणेतीन म्हणजे 70. सोबत दाबही असतो (दर चौरस इंचाला), अडीच इंचीला बहुधा 3 टन, पावणेतीन इंचीला सव्वातीन. त्याआधीच्या बऱ्याच बंदुकींवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत 12 आणि ‘सी’ दिसेल. त्यावरून चेंबर 3 इंचांपेक्षा कमी आहे एवढंच कळतं, 65 की 70 ते कळत नाही. अशा वेळी 20 मिमी रुंदीची ताठ पट्टी मागून सरळ सरकवा, ती चेंबरच्या टोकाशी अडेल. माप एखाददोन मिमी जास्त येईल. तरीही शेवटचा शब्द जाणत्या बंदूक कारागिराचाच. उलट बाजूने अडचण नाही: 70 च्या चेंबरमध्ये 65 चं काडतूस चालतं.

सुटी काडतुसं घेऊच नका. सुट्या मालात 20 बोरचं एखादं मिसळलेलं असतं. ते बारा बोरच्या चेंबरमधून पुढे घसरून अडकतं, मागून बाराचं भरलं की नळी फुटून हात जातो. 20 बोरची काडतुसं पिवळी ठेवण्याचा रिवाज याचसाठी आहे, पण फिकटलेल्या, जुन्या मालात रंगावर विसंबू नका. पितळी बुडावर हिरवट थर किंवा फुगलेलं नळकांडं दिसलं तरी नकोच.

बिलावर बोर, मिमी, छर्ऱ्याचा नंबर आणि बॅच लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी बुडावरचा शिक्का व डब्यावरची लांबी ताडून पाहा. खरेदीची नोंद परवान्यावर होते, म्हणजे चुकीच्या काडतुसांपायी पैशांबरोबर परवान्यावर ठरलेला तुमचा काडतुसांचा कोटाही जातो. दुकानदार ‘विकलेला माल परत नाही’ म्हणाला, तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या: परवाना देणाऱ्या जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयात, आणि पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तोवर ती काडतुसं झाडून संपवू नका, फोडू नका, पुरू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. दुकानदार परत घेत नसेल, तर पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या.