लिब्रेऑफिस : वर्डची फाइल उघडते, मॅटर मात्र हलतं

चादर-टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस असो, वकिलांचा टंकलेखक असो की विद्यापीठाचे प्रबंध टाइप करून देणारा डीटीपीवाला, सोलापुरात सगळ्यांचा प्रश्न एकच: वर्ड-एक्सेलसारखीच कामं करणारं फुकटचं लिब्रेऑफिस टाकलं तर समोरच्याच्या वर्ड-एक्सेलच्या फायली नीट उघडतील का? उघडतात. कुठे बिघडतं ते आधी माहीत असलं, तर रोजचं काम त्यावर आरामात निघतं. एक्सेलच्या मॅक्रोंवर (फाइलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांवर) चालणारं ऑफिस मात्र यातून वगळा.

सगळा दोष सॉफ्टवेअरवर ढकलला जातो, तो निम्माच खरा आहे. फाइल साठवायची दोघांची पद्धत वेगळी: लिब्रेऑफिसचं ओडीएफ 2006 साली आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, वर्डचं डॉकएक्स 2008 साली. दोन्ही खुली आहेत. पण फाइलमध्ये मजकूर, फॉन्टचं नाव आणि सूचना एवढंच साठवलेलं असतं. ओळ कुठे तुटायची, पान कुठे संपायचं, हा हिशोब उघडणारं सॉफ्टवेअर त्या त्या मशीनवर नव्याने करतं. फॉन्ट बदलला की हिशोब बदलला.

इंग्रजीत याची सोय आहे. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कँब्रियाच्या जागी कॅलाडिया हे फॉन्ट लिब्रेऑफिससोबतच येतात. अक्षरांची रुंदी तंतोतंत तीच, त्यामुळे ओळी जागच्या जागी राहतात. मराठीच्या मंगल या विंडोजवरच्या फॉन्टला असा जुळा भाऊ नाही. लिनक्सवर मंगल नसतो, तिथे लोहित किंवा नोटो येतो. त्यांच्या ओळीची उंची निराळी, म्हणून शंभर पानांचा प्रबंध काही पानांनी कमी-जास्त होतो आणि अनुक्रमणिकेतले आकडे खोटे पडतात. उघडल्यावर टूल्स, अपडेट, अपडेट ऑल एवढं करायला विसरू नका. आणि लिनक्सलाच कशाला नावं ठेवायची? विंडोज 10 मध्ये मंगल हा जादा फॉन्टांच्या संचात गेला, तो वेगळा टाकावा लागतो. तेव्हा दोन्हीकडे वर्डच असलं तरी पानं हलू शकतात.

उपाय दोन. फाइल पाठवणाऱ्याने लिब्रेऑफिसमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट इथे जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करावा. वर्डमध्ये हीच सोय ऑप्शन्सच्या सेव्ह विभागात आहे. काही फॉन्टांचा परवाना हे करू देत नाही. मग घेणाऱ्याने टूल्स, ऑप्शन्स, फॉन्ट्समध्ये रिप्लेसमेंट टेबल चालू करून मंगलच्या जागी आपल्याकडचा एकच फॉन्ट कायमचा ठरवावा. पानं तरीही हलतील, पण दर वेळी सारखीच हलतील.

सोलापूरची खास अडचण तीन लिप्यांची. एकाच पत्रकात मराठी, तेलुगू आणि कन्नड. डॉकएक्समध्ये या तिन्हींसाठी फॉन्टचा रकाना एकच असतो, इंग्रजीचा वेगळा. रकान्यात मंगल असेल तर तेलुगू अक्षरं त्यात नाहीत; सॉफ्टवेअर आपल्या मर्जीने दुसरा फॉन्ट उचलतं आणि मधल्याच ओळी मोठ्या दिसू लागतात. विंडोजवर निर्मला यूआय लावा, त्यात तिन्ही लिप्या आहेत. आकाराचाही रकाना वेगळाच असतो. इंग्रजी 12 ला आणि मराठी 10 ला राहिलं, तर लिब्रेऑफिसच्या कॅरेक्टर खिडकीत कॉम्प्लेक्स टेक्स्टचा (म्हणजे आपल्या लिप्यांचा) भाग बघा. तो दिसतच नसेल, तर ऑप्शन्समधल्या भाषांच्या विभागात त्याच नावाच्या चौकटीवर टिक करा.

कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतली फाइल असेल तर हे काहीच लागू नाही. तिथे मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट टाकला की फाइल वाचता येते. मात्र टूल्समधलं ऑटोकरेक्ट आधी बंद करा. ते वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं आणि कृतिदेवमध्ये त्याचं सरळ दुसरंच अक्षर होतं. प्रूफ तपासणारा मग डोकं धरून बसतो.

खरी कसोटी कॅल्कची, म्हणजे लिब्रेऑफिसमधल्या एक्सेलच्या जोडीदाराची. साधी बिलं, पॅकिंग लिस्ट, हजेरी बिनबोभाट चालतं. एक्सलुकअप, फिल्टर, युनिक ही फंक्शनं 24.8 या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्तीत तिथे चूक दिसते, म्हणून हेल्प, अबाउटमध्ये आवृत्ती आधी बघा. लाखाचे स्वल्पविराम कॅल्क फॉरमॅटमध्येच ठेवतं, एक्सेल ते विंडोजच्या रीजनवरून घेतं. समोरच्याचं रीजन अमेरिकेचं असेल, तर 1,25,000 तिकडे 125,000 दिसतं. रक्कम तीच, तरी अकाउंटंटचा फोन येतोच.

बिलावर ‘अक्षरी रुपये’ लिहिणारा मॅक्रो हे नेहमीचं रडगाणं. मॅक्रो सिक्युरिटी हायवर असल्याने तो चालतच नाही. मीडियमवर आणा, आणि फाइल ओळखीच्याकडून आलेली असेल तरच परवानगी द्या. साधं फंक्शन असेल तर बहुतेक वेळा चालतं. बटणांचे फॉर्म, अ‍ॅक्टिव्हएक्स, विंडोजला थेट हाक मारणारा कोड असेल तर नाद सोडा. तसं ऑफिस असेल तर एका मशीनवर एक्सेल ठेवा, बाकीच्यांवर लिब्रेऑफिस टाका.

फाइल एकदा ओडीटी (ओडीएफमधला मजकुराचा प्रकार), एकदा डॉकएक्स अशी फिरवत बसू नका, दर फेरीत काहीतरी गळतं. समोरचा वर्डवाला असेल तर ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरलमध्ये कायमचं डॉकएक्स ठरवून टाका. छापायला देताना मात्र पीडीएफच. निर्यात करताना ‘हायब्रिड पीडीएफ’वर टिक केली, तर मूळ ओडीएफ फाइल पीडीएफच्या पोटातच राहते: छापखान्यात पान हलत नाही, आणि शेवटच्या क्षणी नाव चुकलेलं दिसलं तर तीच पीडीएफ लिब्रेऑफिसमध्ये उघडून दुरुस्त करता येते.