सॅम स्प्लिंट: एक पावसाळा आणि एक हिवाळा बॅगेत ठेवल्यानंतर

डर्ट बाईकवाल्यांसाठी लिहितोय. सॅम स्प्लिंट म्हणजे मोडलेला हात-पाय हलू नये म्हणून बांधायचा आधार. गेल्या पावसाळ्याआधी घेतला, तेव्हापासून प्रत्येक राइडला बॅगेत असतो, आणि माझं मत असं की ऑनलाइन मिळणाऱ्या रेडीमेड फर्स्ट एड किटमधलं अर्धं सामान काढा पण हा ठेवा. त्या किटमध्ये असतं काय, चिकटपट्ट्या, कापूस, बेटाडीनची ट्यूब. खरचटण्यापुरतं ठीक आहे. पण दगडगोट्यात बाईक आडवी झाली की जातं ते मनगट, कॉलरबोन नाहीतर घोटा, आणि त्याला ट्यूब लावून काय होणार?

वस्तू साधी आहे. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, दोन्ही बाजूंनी फोम, ३६ इंच लांब आणि साधारण सव्वाचार इंच रुंद. सॅम शाइनबर्ग नावाच्या अमेरिकन ऑर्थोपेडिक सर्जनने काढला, च्युइंगगमच्या चांदीच्या कागदाशी चाळा करताना सुचलं म्हणतात. सरळ असताना अगदी लिबलिबीत, पण लांबीच्या दिशेने मधून दुमडून पन्हळासारखा केला की असा कडक होतो की विश्वास बसत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये खरा वापर झाला तो कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याकडे जाताना. डांबरी सोडून पाड्याकडच्या वाटेला लागलो, ओढ्यात शेवाळलेल्या दगडावरून मित्राचं पुढचं चाक सटकलं आणि तो तळहातावर पडला. लगेच उठवलं नाही, आधी मान दुखतेय का, हातापायाला मुंग्या येतायत का ते विचारलं, सगळं नीट आहे कळल्यावरच हेल्मेट काढलं. मग ग्लोव्ह, घड्याळ आणि बोटातली अंगठी, सूज चढायच्या आत हे तिन्ही निघालंच पाहिजे, नंतर कापायची वेळ येते. नख दाबून सोडलं, दोन सेकंदात परत गुलाबी झालं, म्हणजे रक्त पोचतंय. आता मुख्य गोष्ट, स्प्लिंटला आकार द्यायचा तो त्याच्या चांगल्या हातावर, दुखऱ्या हातावर वाकवत बसायचं नाही. कोपरापासून तळहातापर्यंत बसवला, बोटांकडून वर क्रेप बँडेज गुंडाळलं, परत नख दाबून बघितलं, घट्ट वाटलं म्हणून एक वेढा सैल केला. हात गळ्यात अडकवायच्या झोळीला पाड्यावरच्या एका मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दिला आणि जीपवाल्यालाही त्यांनीच हाक मारून आणलं, कसं विसरणार ते. दवाखान्यात एक्स-रे स्प्लिंटसकट काढला, कारण हा एक्स-रेला आड येत नाही, आणि त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर हात जराही हलला नव्हता.

एक सांगून ठेवतो, तळहातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी दाबून दुखत असेल तर पहिला एक्स-रे साफ आला म्हणून गाडीवर बसू नका. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तुटलेलं असलं तरी सुरुवातीला दिसत नाही कधी कधी, दहा-चौदा दिवसांनी परत काढायला लावतात. मित्राला प्लॅस्टर ठेवायला लावलं ते ह्याच कारणाने.

आता खटकणाऱ्या गोष्टी. क्रेप बँडेजशिवाय हा अर्धवट आहे, सहा इंची दोन रोल ठेवाच. मांडीचं हाड असेल तर ह्याच्या भरवशावर राहू नका, कॉलरबोनला तर झोळीच पुरते. सराव करून करून घडीच्या जागी फोमला सुरकुत्या पडल्यात, पण चिखल साबणाने धुऊन निघतो. स्वस्तातली कॉपी सरावाला घेतली होती ती मात्र काही वेळा वाकवल्यावर घडीवरच चिरली, तसली बॅगेत नको. आणि जखमेतून रक्त वाहत असेल तर हे सगळं नंतर, आधी स्वच्छ कापडाने दाबून धरा, सोडून सोडून बघू नका.

परदेशातले रायडर सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसतानाही उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, घेऊन फिरतात, आपल्याकडे परवानगीशिवाय ते बेकायदेशीर आहे, त्यामुळे तो विचार सोडा. १०८ आहे, पण दरीत रेंज कुठून येणार, म्हणून आमचा नियम तिघांपेक्षा कमी नाही, एक जखमीजवळ बसतो आणि एक वर टेकाडावर जाऊन फोन लावतो. फोनवर लोकेशनबरोबर जवळची शाळा किंवा देऊळ सांगा, ड्रायव्हरला तेच कळतं.

घोट्याला तळपायाखालून दोन्ही बाजूंनी वर घ्यायचा तर एक अख्खा त्यातच जातो, म्हणून आता दुसरा घेतोय. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलच्या दुकानात हातात घेऊन वाकवून बघा, मगच पैसे द्या.