यामाहा एलएल १६ एआरई: हिवाळा, उन्हाळा आणि बेळगावचा पाऊस पाहिल्यानंतर

दिवाळीत पुण्याहून घेतलेली गिटार. लिहायला गणपती उजाडला, कारण मी मुद्दाम पाऊस बघून लिहायचं ठरवलं होतं. सॉलिड लाकडाच्या गिटारीबद्दल पहिल्या महिन्यात जे काही वाटतं, ते दुकानातल्या हवेचं असतं. ती आपल्या घरात कशी राहते, हे कळायला जून-जुलै यावा लागतो, त्यातही बेळगावचा.

आधी लाकडाचं सांगतो. वरची फळी एंगलमन स्प्रूसची. पाठ आणि कडा रोजवुडच्या, म्हणजे आपल्या शिसवीच्याच कुळातल्या. खोक्यात प्लाय कुठेच नाही. एआरई म्हणजे वरच्या फळीवर कंपनी तापमान, आर्द्रता आणि दाब यांचं नियंत्रण ठेवून केलेली प्रक्रिया. नव्या लाकडाला जुन्या वाद्याचा आवाज यावा, हा तिचा हेतू. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६५० मिमी. नटची, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिथे टेकतात त्या पट्टीची, रुंदी ४४ मिमी. ही रुंदी मला फार आवडली. बोटांनी वाजवताना तारा एकमेकींच्या पायात येत नाहीत. मात्र अंगठा वरून आणून सहावी तार दाबायची सवय असलेल्यांनी, हात लहान असेल तर, आधी वाजवून बघा.

आवाजात मला सर्वात जास्त भावतो तो तार सोडल्यानंतरचा काळ. खर्ज भरदार आहे, पण गढूळ होत नाही आणि सूर बराच वेळ तरंगत राहतो. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला हे कदाचित जास्त वाटेल. मला भजनाला साथ करायची असते, त्यामुळे माझ्यासाठी हाच तिचा सर्वात मोठा गुण.

आमच्या भागात सूर पेटीच्या पट्टीत सांगतात. हे पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांचं गाव. इथे कोणी ‘सी शार्प’ म्हणत नाही, ‘काळी एक’ म्हणतात. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) लावून सी कॉर्डचा आकार धरला की काळी एक तयार. बायकांचं भजन काळी पाचवर असेल तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि जीचा आकार. कॅपो लावल्यावर तारा किंचित चढतात, तेव्हा पुन्हा सूर मिळवून घ्याच.

पण या गिटारीची खरी ओळख झाली ती डी-ए-डी-जी-ए-डी या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत तारा या सुरांना लावून. डी हा सा धरला तर मोकळ्या तारा होतात सा-प-सा-म-प-सा. भूपासारख्या मध्यम नसलेल्या रागातला अभंग असेल तर तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट धरून ठेवायचा, म्हणजे तिथेही पंचम. मोकळ्या तारांत गंधार नाही, हे फार महत्त्वाचं. फ्रेटवरचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) पडतो, तंबोऱ्यात ऐकू येणारा ३८६ च्या आसपास. पेटी नसेल तेव्हा गाणाऱ्याला आपला गंधार आपल्या जागी लावू द्यावा, गिटारीने तिथे बोलू नये. आमचे मामा पहिल्यांदा असे गायले आणि थांबून म्हणाले, “तंबोऱ्यागत वाजायलंय की रे.”

आता हवेकडे येतो. मार्च-एप्रिलमध्ये वळीव पडेपर्यंत दुपारी खोली एवढी कोरडी होते की वरची फळी थोडी बसते आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. त्यातच या ट्यूनिंगमध्ये सहावी, दुसरी आणि पहिली तार उतरवलेली, म्हणजे सैल. परिणाम एकच, सहावी तार फ्रेटवर खरखरते. फ्रेटांची टोकंही बोटाला जाणवू लागली. जूननंतर सगळं उलट. फळी फुगते, ब्रिजमागे (फळीवर तारा जिथे अडकवतात तो तुकडा) हलकी पोटासारखी उंची दिसते, तारा वर जातात आणि एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या बॅरे कॉर्डला मनगट दुखतं. मी बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची अडीच मिमीच्या आसपास ठेवतो. पावसात ती सहज तीनच्या वर गेली. यात गिटारीचा दोष काही नाही. अखंड लाकूड असंच वागतं, आणि आवाजही त्याच गुणामुळे येतो.

केसमध्ये आर्द्रतामापक ठेवाच. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला तर गिटार शांत असते. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि बंद केस. भिंतीवर टांगून ठेवणं इथे जुलैत अजिबात नको. आमच्या पावसाळी भिंतींना ओल येते. साध्या ब्राँझच्या तारा लवकर काळवंडतात, कोटिंगवाल्या महाग पडल्या तरी पावसात त्याच परवडतात.

दोन गोष्टी खरेदीआधी माहीत असाव्यात. ही जंबो, म्हणजे मोठ्या खोक्याची आहे. सतरंजीवर मांडी घालून बसलं की खोक्याची वरची कड दंडाला लागते, आणि उजवा खांदा उचलला जातो. मी खाली दुमडलेली गोधडी घेतो, तेव्हा कुठे हात मोकळा पडतो. दुसरं, तारांचा आवाज स्पीकरकडे पाठवणारा आतला पिकअप पॅसिव्ह आहे. बॅटरी नाही, आवाज कमी-जास्त करायचं बटण नाही. गणपतीच्या मंडपात थेट मिक्सरला जोडली तर आवाज बारीक येतो, आवाज आधी वाढवून देणारा छोटा प्रीअँप सोबत लागतोच.

ट्रस रॉडने, म्हणजे मानेतल्या सळईने, मानेचा बाक सुधारतो, पण फुगलेल्या फळीमुळे वाढलेली उंची त्याने जात नाही. ती सॅडलवरच, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीवर, बघावी लागते. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायचा असेल तर सॅडल साधारण एक मिमी घासावं लागतं, आणि घासलेलं परत येत नाही. म्हणून मूळ सॅडलला हात न लावता हाडाची दोन नवी करून घेतली आहेत. पावसासाठी बुटकं, उन्हाळ्यासाठी उंच. बुटकं सध्या बसवलेलं आहे. दसऱ्यानंतर हवा सुकली की बदलेन, आणि मूळचं केसच्या कप्प्यात जपून ठेवलं आहे.